अकरा वर्षं दहा महिने

“यंत्र खोटं बोलत नाही,” असं डॉ. मुजावर मॅडम त्या सकाळी तीनदा म्हणाल्या आणि तिन्ही वेळा मी मान हलवली.

आम्ही गेलो होतो दातांसाठी. माझ्या मुलीचे, शर्वरीचे, वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे. ओठ मिटायचे म्हटले तरी तिला कष्ट पडत. वर्गातल्या मुली तिला ‘ससा’ म्हणायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची, पण हसताना तोंडावर हात धरायची. शाळा सुरू झाल्यावर यजमान म्हणाले, “यंदा तारा बसवून टाकू, एकदाच काय ते होऊ दे.” मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! दगड भिरकावला तर डॉक्टरलाच लागेल असं हे गाव. आमच्या गल्लीच्या टोकाला मुजावर मॅडम बसत, म्हणून तिथं गेलो. इतकं साधं होतं ते.

शर्वरीला एका खांबासमोर उभं केलं, हनुवटी टेकवायला लावली, डावा हात काचेवर पालथा ठेवायला सांगितला. एक हिरवी रेघ तिच्या मानेवरून खाली सरकली. चार मिनिटांत काम झालं. मग मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मला माझ्या मुलीची मान आतून दिसली.

“दात वाकडे आहेत हा अर्धाच प्रश्न, ताई,” मॅडम म्हणाल्या. “हिचा खालचा जबडाच वाढायचा राहिलाय. तो पुढं आणायचा तर त्याच्या वाढीचाच फायदा उठवावा लागतो. वयात येताना मुलांची हाडं वर्ष-दीड वर्ष जोर धरतात. त्या जोरात असताना तोंडात साचा बसवला तर जबडा ऐकतो. फार आधी बसवला तर मूल कंटाळून काढून ठेवतं. उशीर झाला तर हाड ऐकत नाही, मग शस्त्रक्रिया.”

“पण ती वेळ कळते कशी?” शर्वरीनं विचारलं. तिला असल्या गोष्टी फार आवडतात.

मॅडमनी पडद्यावरच्या मणक्यांवर बोट ठेवलं. “हे बघ. लहान मुलाच्या मणक्याचा खालचा काठ सपाट असतो. वाढ जोरात आली की त्याला खालून खळगा पडत जातो, आणि मणका हळूहळू उंच, चौकोनी होतो. तुझ्या मणक्यांना दोन खळगे पडलेत, तिसरा आत्ता पडायला लागलाय. आणि हा तुझा हात. बोटांच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेच्या चकत्या असतात, हाड तिथं वाढतं. चकत्या भरून आल्या की वाढ संपली. आमचे गुरुजी हे सगळं नुसत्या डोळ्यांनी बघून अंदाज बांधायचे. आता यंत्र लाखो मुलांच्या हाडांशी ताडून बघतं आणि पंधरवड्याच्या फरकानं सांगतं.”

पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली होती. हाडांचं वय: अकरा वर्षं दहा महिने. तिच्या खाली, जन्मदाखल्यावरून आलेली दुसरी ओळ: तेरा वर्षं नऊ महिने. दोन्हींच्या मध्ये नारिंगी पट्टी लुकलुकत होती.

“जबड्यासाठी वेळ उत्तम आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण हे दोन वर्षांचं अंतर... सहा-आठ महिने मागंपुढं सगळ्यांचंच असतं. दीड वर्षाच्या वर गेलं की त्याला वाढखोळंबा म्हणतात. त्याचं इंजेक्शन असतं, मंजुरीला पाठवते. यंत्र खोटं बोलत नाही.”

यंत्र बरोबरच होतं. माझ्या मुलीला त्या दिवशी अकरा वर्षं आणि दहा महिनेच झाले होते. खोटी मी होते.

हे आता सांगूनच टाकते. लग्नानंतर मी शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीत संगणकावर होते. जन्म-मृत्यूच्या नोंदी माझ्याकडे. माझी पहिली मुलगी चौदा महिन्यांची होऊन तापानं गेली, तीन दिवसांत. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. ओढ्याकाठी पुरली. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, हे मी अख्ख्या गावाला दटावून सांगायची. स्वतःच्या वेळी मात्र मी रोज तिचं पान उघडायची, तारखेच्या चौकटीपर्यंत जायची आणि पान बंद करायची. एकवीस दिवस गेले, मग महिना. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, आणि वर्ष उलटायच्या आत ही दुसरी झाली.

ही झाली माहेरी, भर महापुरात. रस्ते बंद होते, म्हणून घरातच, एका म्हाताऱ्या सुईणीच्या हातून. पूर ओसरल्यावर सासूबाई आल्या, हिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “तीच आली बघ परत.” आमच्याकडं असं म्हणायची पद्धतच आहे. बाईचं दुःख हलकं व्हावं म्हणून म्हणतात, आणि ऐकणारीनं मान हलवायची असते. मी नुसती मान हलवून थांबले नाही. मी ते खरं धरून चालले. तीच परत आली असेल तर मृत्यू कुठला नोंदवायचा आणि जन्म तरी कुठला? पुढं यजमानांना कुपवाडच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही मिरजेला आलो. इथं पहिलीला कुणी पाहिलेलंच नव्हतं. दोन वर्षांची म्हणून सांगितलेली मुलगी भिंत धरून उभी राहायची, तेव्हा शेजारणी म्हणायच्या, “नाजूक आहे.” कागद एकीचे, मूल दुसरं. मलाही हळूहळू ते दिसेनासं झालं.

दवाखान्यातून घरी चालत येताना शर्वरी उड्या मारत होती.

“आई, म्हणजे मी ढ नाही!”

“काय?”

“अगं, माझी हाडं मागं आहेत! म्हणून मी धावण्यात शेवटची येते. म्हणून गणित येत नसेल. डोकं पण हाडातच असतं की! औषध दिलं की मी पण बाकीच्यांसारखी होणार.” तिनं माझा हात झुलवला. “मी सगळ्यांत मागं का असते, ते मला आज कळलं.”

मी रस्त्यातच थांबले. आठवीच्या वर्गात मी सहावीतलं लेकरू बसवलं होतं. सात वर्षं ते मान मोडून दोन इयत्ता वरचा अभ्यास करत होतं, मार्क पडले नाहीत की माझीच बोलणी खात होतं आणि रात्री उशीत रडून सकाळी पुन्हा दप्तर उचलत होतं. ते माझ्यामुळं. “चप्पल टोचतेय,” मी म्हणाले, आणि ती लगेच खाली वाकून माझी चप्पल बघायला लागली.

संध्याकाळी यजमान कामावरून आले. शर्वरी शेजारी खेळायला गेली आहे याची खात्री करून मी त्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

“आपोआप बरं होतंय असं सांगायचं त्यांना,” ते म्हणाले. “दुसरा डॉक्टर बघू. सांगलीला जाऊ की.”

“पोरांचं वाढकार्ड सगळ्या दवाखान्यांत एकच असतं अहो. कुठंही जा, तेच दिसणार.”

“मग उपचारच नको म्हणून सांगू. आमची पोरगी, आमची मर्जी.”

“नकार दिला की घरी चौकशी येते. पोरीला उपाशी ठेवतात की मारतात, ते बघायला.”

“मग खरं सांग.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “खरं सांगितलं तर काय करतील?”

मी पंचायतीत काम केलेली बाई, मला नेमकं माहीत होतं. कागद एकाचा आणि मूल दुसरं निघालं, तर मूल आधी बालगृहात आणि चौकशी मग. मूल पळवलेलं नाही हे रक्त तपासून सिद्ध होईलही. पण त्यानंतरचा प्रश्न येणारच होता: पहिली कुठं आहे? मुलगी, मेलेली, तिच्या मरणाची कुठंच नोंद नाही, आणि तिची आईच नोंदी करणारी. असल्या पोरींचं काय केलं असेल याचा अंदाज करायला लोकांना फारसा वेळ लागत नाही. ताप आला होता, हे सांगायला डॉक्टरचा कागदही माझ्याकडे नव्हता.

“तेव्हाच तू नोंद केली असतीस तर,” यजमान म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा.

“सही बापाचीही चालते,” मी म्हणाले.

ते उठून गच्चीवर गेले आणि मी भाकरी थापायला बसले. दोन भाकऱ्या करपल्या.

आठ दिवसांनी फोनवर निरोप आला. वाढखोळंब्याचा उपचार मंजूर. गुरुवार, सकाळी अकरा. पालकांची सही आवश्यक. मी मंगळवारीच मॅडमकडे गेले, एकटी. काय विचारायचं ते घरून ठरवून निघाले होते.

“इंजेक्शन कशाचं असतं मॅडम?”

मुजावर मॅडम समजावून सांगण्यात कधी कंटाळत नसत. “हाडांचं घड्याळ मंद झालेलं असतं, त्याला किल्ली द्यायची. हे औषध कातडीखाली राहतं आणि सहा महिने थोडं थोडं सुटतं. हाडांना सांगतं, चला, उशीर झालाय. दोन वर्षांची वाढ वर्षात होते. शिवाय जबडाही त्या जोरात पुढं येईल, म्हणजे माझं काम सोपं.”

“आणि घड्याळ मंद नसेलच तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे... सहज विचारतेय. चांगल्या मुलीला दिलं तर?”

“छे, तसं कुणी देत नाही.” त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून नीट उत्तर देऊ लागल्या. “नीट चालणाऱ्या घड्याळाला जादा किल्ली दिली तर काय होईल? चकत्या वर्षात भरून येतील. मुलगी चार-दोन बोटं एकदम वाढेल आणि तिथंच थांबेल, आयुष्यभर. जबडा निम्म्यावर अडकेल. अकराव्या वर्षी अंगावर सोळाव्याचं सगळं येईल. हृदयावर ताण पडतो तो वेगळाच. एकदा औषध आत गेलं की काढता येत नाही. म्हणूनच तर यंत्राशिवाय देत नाहीत.”

“यंत्राला वय चुकीचं सांगितलं असलं तर?”

“हाडांचं वय यंत्र स्वतः बघतं, ताई.”

“नाही, दुसरं. कागदावरचं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “जन्मदाखला तुम्हीच दिलात ना?”

त्यांनी विचारलं होतं, दार उघडं होतं, नुसतं ‘मॅडम’ म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप बाहेर आलं असतं. मला मात्र ओढ्याचा काठ दिसत होता, तिथं उभे राहिलेले खाकी कपड्यातले लोक दिसत होते, आणि शर्वरी एका अनोळखी खोलीत दुसऱ्या मुलींच्या रांगेत ताट घेऊन उभी दिसत होती. “हो, मीच दिला,” मी म्हणाले. भित्रेपणा म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट समजलं. माणूस तेव्हा थरथरत वगैरे नाही. अगदी नेहमीच्या आवाजात बोलतं.

बुधवारी मी देव पाण्यात घालून बसले, म्हणजे खरोखरच. गणपती तांब्यात ठेवला आणि पुन्हा काढला, कारण त्याच्याकडे नेमकं काय मागायचं तेच कळेना. यंत्र बंद पडावं? मॅडम आजारी पडाव्यात? शर्वरी मात्र भिंतीवर पेन्सिलीनं आपल्या उंचीची खूण करत होती. “आता दर महिन्याला करायची हं,” असं तिनं मला बजावलं.

गुरुवारी यजमानांनी रजा टाकली नाही. निघताना दारात थांबून म्हणाले, “तुला जे वाटेल ते.” म्हणजे सगळं माझ्यावर. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली, कारण त्यांच्या हातातला डबा उलटा धरलेला होता आणि आमटी गळत होती.

दवाखान्यात नर्सबाईंनी हातातल्या काचेच्या पाटीवर सही मागितली. मी केली. हो, केली. माझं पूर्ण नाव, स्नेहल विनायक मगदूम, वळणदार अक्षरात. शर्वरी उंच खुर्चीवर बसून पाय हलवत होती. तिनं स्वतःच बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. तिचा दंड इतका बारीक होता की नर्सबाई म्हणाल्या, “बाळ, खातेस की नाही काही?”

“आता खाणार,” शर्वरी म्हणाली. “दुखतं का हो?”

“मुंगी चावल्यासारखं.”

कापसानं दंड पुसला. स्पिरिटचा वास आला. नर्सबाईंनी पेनासारखी ती सुई डब्यातून काढली, टोपण काढलं आणि शर्वरीनं डोळे गच्च मिटून माझ्याकडं हात पुढे केला, धरायला. मी तो हात धरला. तो घामेजलेला होता. तिला भीती वाटत होती आणि तरी ती आलेली होती, कारण मोठी माणसं म्हणाली होती की हे तुझ्या भल्याचं आहे.

मी दुसऱ्या हातानं नर्सबाईंचं मनगट पकडलं.

“नका देऊ,” मी म्हणाले. “ती आजारी नाही. ती तेराची नाहीच. अकराची आहे.”

नर्सबाई मॅडमना हाका मारायला लागल्या. मॅडम आतून धावत आल्या. मग मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, एका दमात, मॅडमकडं बघून. ताप, ओढा, पूर, सासूबाईंचं बोलणं, सगळं. शर्वरीकडं बघायचा धीर झाला नाही, पण तिचा हात मी सोडला नव्हता. बोलता बोलता तो हात माझ्या हातातून निघून गेला.

मॅडमनी सुईला टोपण लावलं आणि ती डब्यात ठेवली. “या अल्ला,” त्या पुटपुटल्या. “अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता ताई. अर्ध्या मिनिटाचा.”

“मला हे कळवावं लागेल,” मग त्या म्हणाल्या. “लपवून उपयोग नाही, इंजेक्शन दिलं नाही की यंत्र कारण मागतं. बालकल्याणची गाडी वीस मिनिटांत येईल. मी तुमच्याबरोबर येते. रक्ताचा तपास दोन दिवसांत होतो, ही तुमचीच आहे हे ठरेल. पहिलीचं मात्र...” त्या शर्वरीकडं बघून थांबल्या. “ओढ्यापाशी जातील ते. खोदतील. हाडांवरून वय कळतं, ते तर तुम्ही बघितलंच आहे. तापाचं काही कळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.”

“खोदू देत,” मी म्हणाले.

शर्वरीची बाही अजून वरच होती. ती रडत नव्हती. तिनं रडायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं.

“म्हणजे मी सहावीत पाहिजे होते,” ती म्हणाली.

“हो बाळा.”

“आणि ती आठवीत.”

“हो.”

“ती चालायला लागली होती?”

“नुकतीच.” मी म्हणाले. “हात धरून.”

तिनं हे ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली.

“शर्वरी,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली, गणिताचं उत्तर कुणी सांगितल्यावर हलवते तशी. जरा वेळानं म्हणाली, “मग माझं?”

मॅडम पडद्यासमोर बसून नव्या मुलीची नोंद भरत होत्या. आईचं नाव भरलं, बापाचं भरलं, हाडांचं वय यंत्रानं आपणहून भरलं. वरची पहिलीच जागा रिकामी होती. “काहीतरी लिहा मॅडम,” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “नाव नसलं की यंत्र नंबर टाकतं. बालगृहात मग पोरींना नंबरनंच हाक मारतात.”

“नंबर नको,” ती म्हणाली. ती खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पण हात लावला नाही. “आई, तू ठेव. तिचं नको पण. माझं ठेव.”

मी तिच्याकडं बघत राहिले. माझ्या ओठांवर एकच नाव येत होतं आणि ते तिचं नव्हतं. ही कशी आहे, हिला काय शोभेल, हे मी कधी बघितलंच नव्हतं. बाहेर गाडी थांबली, फाटकाची कडी वाजली, मॅडमची बोटं त्या रिकाम्या जागेवर थांबून राहिली होती, आणि माझी मुलगी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.